आईच्या वतीने

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आईच्या वतीने बोलणे ही येलहंक्याच्या घराची इतकी जुनी रीत होती, की ती रीत आहे हेच कुणाला जाणवत नसे. लग्न होऊन निपाणीकडून आलेल्या आईला कन्नड बोलायचा संकोच वाटे. दुकानात, बँकेत, शेजारीपाजारी अण्णाच उत्तर देत. पुढे तिला कन्नड छान येऊ लागले, तरी रीत टिकली. त्या रीतीच्या आड आईचे विसरणे किती काळ सुखरूप राहिले, कोण जाणे.

ती अण्णांसह काही दिवस सर्जापूर रोडला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा ते मला दिसले. आमटीच्या फोडणीचा वास घरभर असताना तिने पुन्हा कढले तापत ठेवले आणि कढीपत्ता मागितला. मी दोघांना स्मृतिविकारांच्या डॉक्टरांकडे नेले.

आधी प्रश्नोत्तरे होती. "आज वार कोणता, अम्मा?" तपासणाऱ्या मुलीने विचारले.

"गुरुवार," अण्णा म्हणाले.

"अंकल, परीक्षा त्यांची आहे."

"सरी, सरी," बरं बरं म्हणत अण्णा मागे टेकले.

पुढे यजमानांचे नाव विचारले. आई गालात हसली आणि पदराचे टोक चाळवू लागली. मुलीचे पेन थबकले. अण्णांनी खाकरून स्वतःचे नाव सांगितले. "ती नाव घेत नाही हो माझं. कधीच घेतलं नाही."

"सगळं त्यांनाच विचारा की," आई म्हणाली. "पहिला नंबर येईल."

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याने मला केवढा दिलासा दिला! तिचे सगळे विसरणे मी लाजण्यात जमा करून टाकले.

पुढच्या आठवड्यात मेंदूचा एमआरआय झाला. धातू चालत नाही, म्हणून मंगळसूत्र उतरवावे लागले. गळा मोकळा राहू नये, यासाठी अण्णांनी घरूनच पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आणले होते. ते त्यांनी स्वतः तिच्या गळ्यात बांधले. मग दार लागले, आतून यंत्राचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि बाहेर बाकावर अण्णांचे ओठ नकळत हलत राहिले. तिथे मात्र त्यांना तिच्या वतीने काही सांगता येणार नव्हते.

दुपारी डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवले. आडव्या चिरलेल्या कोबीसारखा, करडा, मुडपलेला तो आईचा मेंदू होता.

"नवी आठवण धरून ठेवायला मदत करतो, तो हा भाग. वयाप्रमाणे थोडा आकसतोच, पण इथे दोन्ही बाजूंना जास्त आकसलाय. आणि हे पांढरे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्या थकल्याच्या खुणा."

"म्हणजे ती सगळं विसरणार?" अण्णांनी विचारले.

"चित्र एवढं सांगत नाही. असं चित्र असूनही काही जण पुष्कळ वर्षं घर सांभाळतात. चित्राच्या जोडीला रोजचं वागणं बघावं लागतं." बाई अण्णांकडे वळल्या. "पण ते मला दिसतच नाही. तुम्ही बोलता ना! त्यांना वेळ द्या. चुकल्या तर चुकू द्या. जे अजून आहे, ते वापरात राहू दे."



येलहंक्याला घरी पोचलो, तेव्हा शेजारीण कुंपणापाशी मोगरा ओवत होती. "ऊट आयता, अम्मा?" जेवण झाले का, हे इथले नेहमीचे कुशल विचारणे.

अण्णांचे तोंड उघडले आणि मिटले. आई फाटकावर हात ठेवून उभी राहिली. उन्हाने मोगऱ्याचा वास दाट झाला होता. शेजारणीने सवयीने अण्णांकडे पाहिले. ते आपल्या चपलांकडे पाहत होते.

"आयतु," झालं, असे आई म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द चाचपत, "सारू केला होता. स्वल्प तिखट झाला."

आम्ही तिघेही सकाळपासून नुसत्या कॉफीवर होतो. अण्णांनी ते सांगितले नाही. त्यांनी फाटक उघडून धरले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तसेच उन्हात उभे राहिले.