मनोऱ्याखाली गेलेलं स्वयंपाकघर

माझी मुलगी पोलंडमध्ये, वॉर्सात, नोकरी करते. तिथली तिची घरमालकीण, ऐंशीच्या घरातली बाई, मागच्या जानेवारीत तिच्याबरोबर आमच्याकडे उज्जैनला दहा दिवस राहायला आली. देवदर्शनाचा आग्रह नव्हता. तिला ऊन हवं होतं.

त्याच सुमारास आमच्या घराच्या भिंतीवर महापालिकेचे लोक लाल फुली मारून गेले होते. रस्ता रुंद होणार होता आणि दारापुढचा ओटा आणि पुढची खोली मिळून अकरा फूट त्यात जाणार होते. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले. रोज सकाळी टेप घेऊन ते बाहेर जात आणि मोजत. रोज अकराच भरत.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मुलीला विचारलं, "बाबा काय मोजतात?" मुलीने सांगितलं. बाई उठून बाहेर गेल्या, फुलीला बोट लावून रंग वाळलाय का ते पाहिलं आणि परत येऊन बसल्या. मग चहा पिता पिता सांगू लागल्या. मुलगी एकेक वाक्य मराठीत करत होती.

वॉर्साच्या मधोमध एक अवाढव्य मनोरा आहे, रशियाने पोलंडला भेट दिलेला. मुलीच्या निम्म्या फोटोंत तो मागे असतो. मी त्याला इतके दिवस चर्च समजत होते. तो उभारायला युद्धातून वाचलेली कितीतरी घरं पाडली. त्यातलं एक या बाईंचं. तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या.

"तुमचे वडील काही बोलले नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"भेट म्हटल्यावर काय बोलणार? पण मरेपर्यंत त्यांनी त्या मनोऱ्याकडे पाहिलं नाही. फार अवघड काम होतं. तो सगळीकडून दिसतो."

"आणि तुम्ही?"

"मी तिथे पोहायला शिकले."

मनोऱ्याच्या इमारतीत मुलांसाठी तरणतलाव होता. बाई वडिलांना न सांगता जात आणि ओले कपडे शेजारणीकडे वाळत घालत. त्यांच्या अंदाजाने आईचं स्वयंपाकघर तलावाच्या उथळ बाजूला, शिडीजवळ कुठेतरी असावं. "पाणी कोमट असायचं," त्या म्हणाल्या. "घरी आम्हाला कोमट पाणी मिळत नसे."

हे मुलीकडे वळले. मग म्हणाले, "मग राग गेला का, विचार त्यांना."

बाईंनी विचार केला. "नाही. पण पोहणं चांगलं येतं."

दुसऱ्या दिवशी टेपचं दुसरं टोक बाईंनी धरलं. साडेदहा भरले. दोघांनाही बरं वाटलं.

बाई परत गेल्या. मार्चमध्ये, पाडापाडीचं मशीन येऊन उरलेल्या भिंतींना तडे जायला नकोत म्हणून, ह्यांनी आपलाच मिस्त्री लावून पुढचा भाग उतरवून घेतला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "अगं, बाईंचे वडील बरोबर होते, की बाई?"

"आधी दोन घास खाऊन घ्या," मी म्हटलं. त्यांनी खाल्ले.

आमची पुढची खोली आता रस्त्यात आहे आणि तिथे ई-रिक्षा थांबतात. पहिले काही महिने हे मागच्या गल्लीतून जायचे, समोरूनच जवळ पडणाऱ्या फ्रीगंजच्या बाजारात जायचं तरी. उन्हाळ्यात गुडघा दुखायला लागला. तेव्हापासून ते सरळ समोर जातात आणि साधारण जिथे आमचा दिवाण होता तिथे उभे राहून रिक्षाला हात करतात.