मुख्यालयी राहण्याचा ठराव

शाहूवाडीच्या डोंगराकडच्या एका बाजाराच्या गावात शिक्षिका म्हणून माझी बदली झाली, तेव्हा त्या गावात घरं वाढत होती. ज्या घराला एक मजला होता त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे गज उभे होते, आणि ज्यांचा दुसरा झाला होता त्यांनी तिसऱ्यासाठी गज सोडून ठेवले होते. पहिल्या दिवशी स्टँडपासून शाळेपर्यंत चालताना मी ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या मोजल्या. सात होत्या. मला एकच हवी होती.

ती हवी होती मुलीसाठी. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येणारा. मुलीला घेऊन मी कोल्हापुरात, राजारामपुरीत माहेरी राहत होते आणि रोज पहिल्या एसटीनं शाळा गाठत होते. मी निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची आणि परतायचे तोवर तिचं दिवसभराचं हसून, रडून, भांडून सगळं आटोपलेलं असायचं. तिला ताप आला की मला तो उतरल्यावर कळायचा. जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. तिनं माझ्याच शाळेत यावं, मधल्या सुट्टीत मला दिसावं, एवढंच मला पाहिजे होतं.

मी अकरा घरं पाहिली. सुरुवात सगळीकडं झकास व्हायची. “हाय की खोली! मास्तरीणबाई म्हटल्यावर काय प्रश्नच न्हाय,” असं म्हणून घरमालक आत बोलवायचे. चहा यायचा. कप अर्धा झाला की विचारायचे, “आडनाव काय म्हणला?” आडनावानं भागलं नाही तर मूळ गाव, गावानं भागलं नाही तर मामाचं गाव. शेवटी मीच सांगून टाकायचे, आम्ही बौद्ध. त्यानंतर मालकांच्या मुंबईच्या भावाला त्या खोलीची अचानक नड लागायची. अकरापैकी आठ घरांत मुंबईचा भाऊ निघाला. राहिलेल्यांत एकाची खोली गळत होती, एकाची आई तापट होती, आणि एकानं आपल्याकडं खोलीच नाही म्हणून सांगितलं. पाटी त्याच्या डोक्यावरच होती. वाईट मात्र कुणी बोललं नाही, आणि चहा सगळ्यांचा चांगला होता.

अकरावं घर चौकातलं, नवंकोरं. वरच्या खोलीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. मी मनातल्या मनात मुलीची कॉट लावूनही टाकली होती. तिथंही भाऊ निघाला. पण हे मालक दिलदार. फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “बाई, वाईट वाटून घेऊ नगा. तुमाला मुख्यालयी राहण्याचा दाखला लागतोय न्हवं? तो देतो की. माझ्या वरच्या खोलीत ऱ्हाता म्हणून लिवून देतो. त्यात आमचं काय जातंय?”

सरकारी नोकरानं नोकरीच्या गावी राहावं, असा नियम आहे. राहतो की नाही हे ग्रामसभेनं ठराव करून सांगायचं, तरच घरभाडं भत्ता मिळतो. त्यामुळे दरवर्षी ग्रामसभा बसायची आणि सगळे मास्तर, नर्सबाई आणि कृषी खात्याचे साहेब गावातच राहतात असा ठराव करायची. पाचच्या एसटीत हे सगळे लोक मला भेटायचे. बहुतेकांनी मुलांच्या क्लाससाठी कोल्हापूर धरलेलं होतं, गावात राहायचंच नव्हतं. मला राहायचं होतं. तरी मी दाखला घेतला. मुख्याध्यापकांनी तो फाईलला लावला, आणि एक तारखेपासून मी चौकातल्या खोलीत कागदोपत्री राहायला गेले.

ग्रामसभेत ग्रामसेवकांनी यादी वाचली. माझं नाव आलं, चौकातलं घर आलं. “कुणाची हरकत?” त्यांनी सवयीनं विचारलं आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता पान उलटलं. मी हात वर केला.

“माझी हरकत आहे. मी तिथं राहत नाही.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

“बाई, तुमच्या फायद्याचंच हाय की,” सरपंच म्हणाले.

“खोली मिळाली तर फायदा होईल. अकरा घरं हिंडले.”

त्यावर पुढं बसलेले चौकातले मालक उठले. “आता दाखलाबी द्या नि खोलीबी द्या व्हय?”

सभा खदाखदा हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. ग्रामसेवकांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि पुढचा विषय घेतला.

स्टँडकडं निघाले, तर पाठीमागून कुणीतरी भराभरा येत होतं. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिचा नवरा गवंडी आणि ती त्याच्याच हाताखाली कामाला, हे मला शाळेच्या रजिस्टरवरून ठाऊक होतं.

“बाई, अकरा घरं हिंडलासा. आमच्यात का न्हाय आलासा?”

शाळेच्या मागं बौद्ध वस्ती होती. मी रोज तिथूनच जायचे. मुलं ‘जय भीम बाई’ म्हणायची, मीही ‘जय भीम’ म्हणायचे आणि खोली शोधायला पुढं जायचे.

“चौकातली ती खोली आमच्या ह्यांनीच बांधलीया,” ती म्हणाली. “फरशी मी पुसून दिलीया.”

“तुमच्यात खोली आहे?”

“न्हाय. बांधतो की. जागा हाय, ईट पडलीया. तुमी फकस्त व्हय म्हणा.”

मी व्हय म्हणाले. भाडं तिनं चौकातल्या खोलीइतकंच सांगितलं, एक रुपया कमी नाही. मला ते फार बरं वाटलं.

नवरा-बायकोनं लोकांची कामं सांभाळून, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, आपल्या घराला लागून ती खोली उभी केली. शाळा सुटली की मी भिंतींवर पाणी मारायला जायचे. गवंडीबुवा फारसं बोलत नसत. खिडकी कुठं काढू, एवढं एकदा त्यांनी विचारलं. आजवर गावात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर द्यायला दोन दिवस लागले. स्लॅब टाकला तेव्हा त्यांनीही वर चार गज सोडले.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मुलगी राहायला आली. प्रवेशाच्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यात बसून तिचा अर्ज भरत होते आणि गवंडीबुवांची बायको मुलीची वेणी घालत होती. नाव झालं, जन्मतारीख झाली. पत्त्याच्या रकान्यात ‘बौद्ध वस्ती’ लिहायचं होतं. तिथं माझं पेन थांबलं.

“काय अडलं?” तिनं विचारलं.

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. “वडिलांनी सगळा जन्म घातला वस्तीतून बाहेर पडायला,” मी म्हणाले. “बँकेत नोकरी केली, राजारामपुरीत घर घेतलं. मी परत हाच पत्ता लिहायचा म्हणजे... मला लाज वाटत होती. म्हणून तुमच्यात विचारायला आले नाही.”

तिचे हात काही थांबले नाहीत.

“ते ठावं होतं मला,” ती म्हणाली. “म्हणून तर स्टँडच्या वाटंवर गाठलं. तुमी आपणहून आला नसतासा.” तिनं रिबिनीची गाठ मारली. “लिवा आता. येणी झाली हिची.”

मी लिहिलं.