देवमाशांमागे गेलेला विद्यार्थी

मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा मी तिला एक पुस्तक भेट दिलं होतं. एक जगप्रसिद्ध लेखक विशीत, डॉक्टरकी शिकत असताना, देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर डॉक्टर म्हणून गेला होता. त्या सफरीतली ही त्याची रोजनिशी. मधूनमधून त्याने स्वतः काढलेली चित्रंही आहेत. डॉक्टरने औषधांपलीकडेही काही वाचावं, एवढाच माझा शहाणा हेतू. आपण माकडाच्या हाती कोलीत दिलं, हे कळायला तीन वर्षं लागली.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून ती गॉलवेच्या कॉलेजातून आयर्लंडमधल्याच ट्रलीला, आमच्या घरी आली आणि जेवताजेवता म्हणाली, की तिला एक वर्ष कॉलेज थांबवायचंय. एका शिडाच्या बोटीवर मदतनीस म्हणून उत्तरेच्या समुद्रात जायचंय, देवमासे मोजायला. मारायला नाही, मोजायला, हे तिने पुन्हा सांगितलं, जणू माझी हरकत तेवढीच होती.

"ही वॉज इन थर्ड इयर टू, बाबा."

मी भूलतज्ज्ञ आहे. हॉस्पिटलात माणसं शांत करतो. घरी मला स्वतःलाही शांत करता येत नाही. ताट सरकवून मी म्हणालो, "आणि पुढे काय केलं त्याने? डॉक्टरकी सोडून गोष्टी लिहीत बसला!"

"अँड ही डिड ग्रँड," ती म्हणाली.

एकवीस वर्षांची मुलगी. माझ्या परवानगीवाचून तिचं काही अडत नव्हतं. तरी तिने बोटवाल्यांना होकार कळवला नव्हता. मी मनापासून हो म्हटलं तरच जाईन, असं म्हणून बसली होती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसांत माझी आई गुहागरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आजीने एकदा नको म्हटलं की नात ऐकेल, हे मला ठाऊक होतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला ती रोजनिशी मराठी करून वाचून दाखवू लागलो. उतारे निवडून काढले होते. हा पोरगा बर्फावर उतरायचा आणि पाय घसरून गारठलेल्या पाण्यात पडायचा, तेही एकदा नव्हे. ते मी अगदी रंगवून वाचत होतो.

शाल गुंडाळून हीटरला पाठ लावून बसलेली आई ताठ झाली. "अरे मेल्या, मग? कोणी वर काढलान काय त्याला?"

"हो, निघाला बाहेर," मी घाईने म्हणालो आणि पान उलटलं.

सीलच्या शिकारीचं वर्णन आलं तेव्हा तिने हातानेच थांबवलं. "हे नको वाचू. पोर चांगला हो, धंदा वाईट."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आईला तो पोरगा आवडायला लागला. सकाळी चहा घेताना विचारायची, "आज बुडणारे काय रे आपला डॉक्टर?" त्याच्या आईचीही तिला काळजी. एवढ्या लांब पाठवलान कशी, पत्र तरी मिळत असेल का तिला, असं पुटपुटत ती धुतलेली भांडी प्रेसमध्ये भलत्याच जागी ठेवायची. प्रेस म्हणजे इथलं कपाट. हा एक आयरिश शब्द तिने आल्याबरोबर उचलला होता.

शेवटी जहाज घरी परतलं. आईने देवाच्या फोटोसमोर हात जोडले, "पोचला हो बाबा," म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आता पोरीला हो म्हण."

"आई, तो किती वेळा पडला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. वर आला तेही ऐकलं. ते तू भराभर वाचत होतास."

मी हो म्हणालो. तोंडाने. मुलीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, थँक्यू म्हणाली, आणि तिची तयारी सुरू झाली. माझी चिडचिड मात्र संपेना. तिला घेऊन दिलेले जाड हातमोजेसुद्धा मी रागारागाने निवडले होते.

निघायच्या दिवशी आम्ही तिघं जवळच्या बंदरावर गेलो. जुलै, म्हणजे इथला भर उन्हाळा असूनही वारा झोंबत होता. आईने स्टीलच्या डबीतून दही आणलं होतं. मुलीने हातमोजे काढून माझ्याकडे दिले आणि तळहात पुढे केला. बोटीची कप्तान, एक उंच आयरिश बाई, शेजारी उभी राहून हे बघत होती. तिनेही हात पुढे केला. आईने तिच्याही हातावर दही घातलं आणि पाठीवरून हात फिरवला. मुलगी आजीच्या पाया पडली. घरात सदानकदा इंग्रजी बोलणारी ती, चक्क मराठीत म्हणाली, "येते आज्जी."

वर्षाने ती परत येईल तेव्हा आई गुहागरला असेल. आईचं वय बघता पुढचं कोणी बोललं नाही.

मुलगी फळीवरून बोटीकडे निघाली आणि माझं लक्ष हाताकडे गेलं. हातमोजे माझ्याकडेच! मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"मागून हाक मारू नकोस."

"अगं, बर्फात चालली आहे ती!"

"दुसरे घेईल."

बोट सुटली. मी शिकलासवरलेला डॉक्टर, अंधश्रद्धेपायी गप्प बसलो म्हणून स्वतःवरच संतापलो होतो. आईने मनगट सोडलं नव्हतं. समुद्राकडे बघतच ती म्हणाली, "तू पहिल्यांदा इकडे यायला निघालास ना, तेव्हा विमानतळावर तुझं स्वेटर माझ्या हातात राहिलं होतं. तू तिथेच होतास, दाराशी. मी हाक मारली नाही."

ते स्वेटर मीच घरी विसरलो, असं मी आजवर समजत होतो. बोटीवरून मुलगी हात हलवत होती. मीही हात वर केला, आणि तिने जावं असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं.