ती "हं" म्हणेपर्यंत

रुग्णाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असं पत्रक मी स्वतः लिहिलंय. पाटोद्याच्या बाजारात घसा बसेपर्यंत वाटलंय. आणि माझ्या सहा वर्षांच्या भाचीला कुत्रं चावलं तेव्हा पहिल्या इंजेक्शनला तिचे पाय मीच दाबून धरले. हात तिच्या बापानं धरले, डोकं आजोबांनी. "मुंगी चावल्यागत हाय," असं आम्ही तिघंही म्हणालो. तिघंही खोटं बोललो.

दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी ती बाजेखाली शिरली अन् निघेना. ही इंजेक्शनं अर्धी सोडता येत नाहीत. कुत्रं पिसाळलेलं असलं तर पोर हातची जाते. शेवटी मी तिला ओढून काढलं, बहिणीसोबत गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात आणलं, टेबलावर आडवं केलं आणि पुन्हा पाय धरले.

त्या दिवशी नर्स दुसरी होती. तिनं सुई ट्रेमध्येच ठेवली.

"बाजारात तुमचं पत्रक मिळालं मला," ती म्हणाली. "लई चांगलं लिवलंय. आता पाय सोडा."

मी सोडले. तिनं भाचीला उठवून आईच्या मांडीवर बसवलं, आईला घट्ट कवळ घालायला सांगितलं अन् स्वतः समोर स्टुलावर बसली.

"दुखंल का?" भाचीनं विचारलं.

"दुखंल. पाच मोजस्तोवर. कोणत्या हातावर देऊ?"

पोरीनं दोन्ही दंड निरखून पाहिले अन् डावा पुढं केला. "पण मी हं म्हणल्यावर."

"बरं. तू हं म्हणल्यावर."

आणि ती बाई खरंच थांबली. मागं रांग लागलेली.

"बाई, मुहूर्त काढायलात का?" एक म्हातारा करवादला.

"काढायले, बाबा. तुमचाबी काढीन."

मी मध्ये बोलायला गेलो, तर बहिणीनं डोळे वटारले. भाची आईचा पदर चघळत राहिली. मग डोळे मिटून म्हणाली, "हं."

सुई आत गेली. पोरीच्या गालावर पाणी आलं, पण दंड जागचा हलला नाही. ती मोठ्यानं मोजत होती. चारलाच काम संपलं.

मी मोर्चे काढलेत, अधिकाऱ्यांच्या दारात बसलोय. एवढ्याशा जिवाच्या एका हुंकारासाठी अख्खी खोली थांबलेली मात्र पहिल्यांदाच पाहिली.

"पुढच्या बारीला तूच असशील का?" भाचीनं नर्सला विचारलं.

"हाय की. गुरुवारी."

गुरुवारी मी चपला शोधत होतो तेव्हा भाची गाडीवर बसून हॉर्न वाजवत होती.