‘पुरे’ म्हणायला शिकवणारे मास्टर

मला ‘पुरे’ म्हणायला शिकवलं ते मानाजीराव मास्टरांनी. शाळेत आठवीपर्यंत जे शिकलो त्यातलं फार थोडं लक्षात आहे, हे मात्र अंगात मुरलंय. दीड महिन्यापूर्वी सकाळी त्यांची लेक गौरीताई आमच्या दुकानात आल्या. “बाबा झोपेतच गेले,” म्हणाल्या. “तुला आधी सांगावं म्हणून आले.” मी सांडशी खाली ठेवली आणि भट्टी विझवली...

मी सांगलीकडचा. आमच्या भागातली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, देशभर जातात. तसाच मीही एकोणिसाव्या वर्षी तंजावरला आलो, एका शेठच्या दुकानात मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, धरायला. तमिळ येत नव्हतं. रस्त्यात कुणी मोठ्यानं बोललं तरी घाबरून बाजूला व्हायचो. एकदा राजवाड्यामागच्या गल्लीतून जाताना मराठी कानावर पडलं म्हणून थांबलो. ओट्यावर पांढरी वेष्टी नेसलेले एक गृहस्थ बसले होते. माझ्या चुरगळलेल्या कानाकडं बघून म्हणाले, “कान कुस्तीचा दिसतो. कोठला रे तूं?” हेच मानाजीराव मास्टर. त्यांच्या घराण्याला इथं येऊन दोन-तीनशे वर्षं झालेली. मराठी जुन्या वळणाची, सूर मात्र तमिळ. मला तर घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

शाळेत ड्रिल मास्टर म्हणून ते निवृत्त झाले होते आणि घरामागच्या पडवीत ज्यूडो शिकवायचे. मग कुणीतरी सिंगापूरहून एक व्हिडिओ कॅसेट आणली. तिच्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक ठोसे मारणारा आणि एक कुस्तीवाला एकमेकांशी भिडलेले. मास्टरांनी ती इतक्या वेळा लावली, की गौरीताईंनी टीव्हीवर कापड घातलं. तेव्हापासून पडवीत ठोसा, लाथ, फेक, पकड, सगळंच सुरू झालं. याला आता मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात म्हणे. मास्टर नुसतं ‘सगळं’ म्हणायचे. मी शिकायला गेलो तेव्हा म्हणाले, “सगळं शिकणार? मग आधी नखं काप.” नखं कापून झाल्यावर महिनाभर फक्त पडणं. काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणलेली, तिच्यावर मागं पडायचं, कुशीवर पडायचं, हनुवटी छातीला लावायची. ठोसा कधी, असं विचारलं की म्हणायचे, “पडायाची भीती गेली की ठोसा आपोआप सरळ जातो.”

माझी अडचण वेगळीच होती. गावच्या तालमीत एकच गोष्ट डोक्यात बसलेली... पाठ लागली की हरलो. त्यामुळं सेल्वमनं, म्हणजे बस डेपोतल्या मेकॅनिकनं, मला पहिल्यांदा खाली घेतलं तेव्हा मी झटकन पोटावर वळलो. आमच्या मातीत पोटावर पडलेला पैलवान सुरक्षित. इथं सेल्वम माझ्या पाठीवर बसला आणि त्यानं माझा उजवा हात मागं पिरगळला. असह्य झालं की तळहात दोनदा आपटायचा, समोरचा लगेच सोडतो, हा नियम मला माहीत होता. मी नाही आपटला. सगळ्यांसमोर हार कबूल करायची? खांद्यात कट्ट आवाज झाला.

अंड्याचा बलक काढून उरलेल्यात उडदाचं पीठ कालवून मास्टरांनी खांदा बांधला. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, “हात गेल्यावर मूस कोण धरणार? गावाची गाडी धर.” गावी परत म्हणजे... वडील काही बोलले नसते, आणि तेच मला सोसलं नसतं. मी मास्टरांना काहीच सांगितलं नव्हतं. पण दुपारी ते स्वतः दुकानात आले, बाकावर बसले.

“चूक माझी. पडायास शिकवलं, पुरे म्हणायास शिकवलं नाहीं. ह्याचा हात बरा होईतो मी येऊन मूस धरतो.”

शेठ हसले. “मास्टर, तुम्ही सोनं सांडलंत तर मी कुणाला गावी पाठवू?”

“मज पाठवा. माझं गाव मी अजून पाहिलंच नाहीं.”

शेठनी कॉफी मागवली. शेवटी ठरलं की मी राहायचं, पण पुन्हा हात दुखावला तर त्याच दिवशी गाडी.

तीन आठवड्यांनी पडवीत गेलो. सेल्वम पुढं आला तेव्हा मास्टरांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः ताडपत्रीवर आडवे झाले. उजवा हात माझ्या हातात दिला. “वाकव.” मी घाबरत वाकवला. “अजून. भात जेवला नाहींस का?” मी जोर लावला, आणि त्या वयाच्या माणसानं, त्याच्याच पडवीत, त्याच्याच पंधरा शिष्यांसमोर, तळहात दोनदा आपटला. मी सोडलं. ते उठून बसले, वेष्टी झटकली. “पाहिलंस? काय गेलं माझं? उद्यां परत यायास हात शाबूत आहे. नवशिक्यास एवढं आलं की बाकी सगळं येतं.” सेल्वम तमिळमध्ये काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो, का ते न कळता. मग सेल्वमनं मला धरलं, आणि हात ताणला जाताच मी दोनदा आपटला. हात शाबूत होता, म्हणजे शेठ मला गावी पाठवणार नव्हते. त्या दिवशी भट्टीपाशी बसून मी शीळ घालत होतो, असं शेठ अजून सांगतात.

पुढं मी ठोसे शिकलो, लाथा शिकलो, कुंभकोणमला दोन लढती हरलो, एक जिंकलो. रस्त्यातली भीती केव्हा गेली ते कळलंसुद्धा नाही.

आता रविवारी पडवी मीच उघडतो. गौरीताई ताडपत्री पुसून ठेवतात. मागच्या रविवारी एक नवा माणूस आला, बँकेतला, पोट सुटलेलं, दारातच घुटमळत होता. त्याला आत घेतलं, नखं बघितली. त्याच्यासमोर आडवं होऊन आधी आपण हात आपटायचा, एवढंच करायचं होतं. पण शिष्य बघत होते, आणि मी सेल्वमला पुढं केलं... अजून माझ्यात ती जुनी तालीम थोडी उरलीय. पण मास्टर, मी हे करीन. एखाद्या रविवारी, अगदी कोऱ्या माणसाच्या हातात माझा हात देऊन, सगळ्यांसमोर, तुमच्यासारखा सहज. त्या दिवशी तुमचं ऋण थोडं तरी फिटेल.