रूबेनबाबूंची दहा माणसं

मागल्या महिन्यात पहिल्या पाळीतून सुटून सायकल काढत होतो, तर गेटबाहेर हनीफभाई उभा. "रूबेनबाबू गुजर गये," एवढंच म्हणाला. कधी, कसं, विचारायला तोंड उघडलं आणि आठवलं, दोन घरं सोडून राहणाऱ्या रूबेनबाबूंशी मी वर्षभर बोललोच नव्हतो...

रूबेनबाबू आमच्या गेटावरचे हजेरीबाबू. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे घरी मराठी बोलणारे यहुदी. भिलाईत कारखान्याच्या जागी नुसती शेतं आणि आखणीच्या खुंट्या होत्या, तेव्हापासून ते रोज शेकडो माणसांची नावं पुकारत. हनीफभाई क्रेनवर, थॉमस वेल्डर, मी फिटर. हनीफला शुक्रवारी दुपारी सोडायचं, थॉमसला रविवार द्यायचा, स्वतः शनिवार घ्यायचा, ही कसरत त्यांची दर आठवड्याची. एकाच देवाला तीन-तीन सुट्ट्या कशाला लागतात, म्हणून मी चिडवायचो. नागपूरला धम्म घेऊन आलेला मी, पूजापाठ म्हटलं की डोकं सणकायचं. पण संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसून ऐकायला मात्र आवडायचं. हनीफ काँक्रीट मिक्सरच्या आडोशाला गमछा अंथरून एकटाच नमाज पढायचा. थॉमसला प्रार्थनेला दोघं-तिघं जमले तरी पुरत. रूबेनबाबूंचं अवघड होतं. पहिली भट्टी पेटायच्या धांदलीत त्यांनी रजा मागितली नाही आणि तिकडे वडील गेले. "गेलेल्या वडिलांसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची असते, मुलानं," ते सांगायचे. "पण दहा यहुदी पुरुष हजर नसतील तर ती म्हणता येत नाही." हे सलत होतं त्यांना, फार.

दर वर्षी वडिलांच्या तिथीआधी ते नागपूर, बिलासपूरच्या रेल्वेतल्या आपल्या लोकांना पोस्टकार्डं टाकत. शेजाऱ्यांकडून स्टुलं आणून दहा मांडत. दोघं-तिघं यायचे. गेल्या वर्षी मात्र त्यांना धरून सात झाले! आम्ही तिघंही गेलो. थॉमसनं सवयीनं टोपी काढली, तर यांच्यात डोकं झाकतात म्हणत हनीफनं ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली. शेवटची गाडी येऊन गेली तरी आठवा आला नाही. मला राहवलं नाही. "सात अन् आमी तीन, झाले ना दहा! घ्या हजेरी, काय पाहून राहिले?"

रूबेनबाबूंनी पुस्तक मिटलं. "नाही रे. तुम्ही माझीच माणसं, पण यात धरता येत नाही."

"कावून नाही? आमाले न मोजनारे लय पाह्यले म्या. तुमीबी त्यातलेच."

पाहुण्यांसमोर बोललो हे. माझं स्टूल तिथंच टाकून निघून आलो. पुढं त्यांनी दोनदा हाक मारली, मी मान वळवली नाही. नियम काही त्यांनी केला नव्हता, आणि त्या दिवशी खरं नुकसान त्यांचंच झालं होतं. एवढं कळायला मला त्यांचं मरण लागलं, याची लाज वाटते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. तारा केल्या, पण कोणी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. हनीफनं आणि मी आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. आमच्यातही असंच करतात, हनीफ म्हणाला. थॉमसनं दुर्गला आपल्या कब्रस्तानात कोपरा मिळवून दिला. शवपेटी आणू का, त्यानं विचारलं, हनीफनं नको म्हटलं. सगळी पाळी आली होती, पन्नासेक माणसं तरी असतील. त्यांत यहुदी एकही नाही. थॉमसचं डोकं उघडं, हनीफचं झाकलेलं. "कुछ बोल दे, भाई," हनीफ मला म्हणाला. मला काय येत होतं? सारे विधी झिडकारलेला मी, त्या घडीला चार शब्दांसाठी तडफडलो. मग माती लोटली आणि परतलो.

परवा त्यांचं क्वार्टर रिकामं करायला गेलो. खोलीत दहा स्टुलं मांडलेली होती... ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथी होती. खिडकीत तीन पोस्टकार्डं, तिन्हींत जमत नाही म्हणून लिहिलेलं. दाराजवळचं दहावं स्टूल माझं होतं, गेल्या वर्षी टाकून आलेलं. त्यावर बसलो. इतर नऊंकडे बघवेना. "हजर," मी म्हणालो. लिहून घ्यायला कोणी नव्हतं.