ज्याचं कुलूप, त्याच्याच हातानं

मला मॅनेजर केलं तेव्हा मी पहिला उद्योग केला तो पाट्या लावण्याचा. जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल. तिच्या भिंतीवर मी वीतभर जागा सोडली नाही. 'सावधान', 'सुरक्षा प्रथम', शिवाय पिवळं हेल्मेट घातलेला एक गोरापान, हसरा माणूस. असा माणूस आमच्या मिलमध्येच काय, अख्ख्या खान्देशात कुणी पाहिला नसेल. कामगार त्या चित्राला जावईबापू म्हणायचे. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात कुणी ऐकत नाही म्हटलं की आणखी तापतो. मी ओरडायचो, ते माना डोलवायचे, आणि माझी पाठ वळली की चालत्या पट्ट्यात हात घालायचे. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

मग मी कुलपं आणली. प्रत्येकाला एक कुलूप आणि त्याची एकच चावी. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं आणि चावी जवळ ठेवायची. काम संपलं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. सगळ्यांना ऑफिसच्या ओट्यासमोर जमवलं आणि छातीवर हात मारून सांगितलं, "कुलूप दिसलं की मशीन बंद. मी आलो तरी बंद, शेठ आले तरी बंद." शेठ त्या दिवशी गावात नव्हते, म्हणून आवाज जरा जास्तच चढला होता.

आबा खदखदून हसले. आबा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, एरंडोलजवळच्या खेड्यातले. हे काम मला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे मी मॅनेजर झालो काय आणि कलेक्टर झालो काय, त्यांच्या लेखी मी 'तू'च. "माले शिकाडस का तू?" म्हणाले. पण माझा मान ठेवून कुलूप घेतलं, आणि चावी हरवू नये म्हणून कमरेच्या करदोड्याला बांधून टाकली.

अक्कानं मात्र घेतलं नाही. अक्का असोद्याहून कामाला यायची. धान्य वर चढवणारा बादल्यांचा पट्टा असतो, त्याला आम्ही एलिव्हेटर म्हणतो. त्याच्या बुडाशी खोल खड्डा असतो. त्यात सांडलेली डाळ आणि भुसा साचतो, तो आठवड्यातून एकदा आत उतरून काढावा लागतो. ते काम अक्काकडे होतं आणि अक्का उतरायला तयार नव्हती. आधीच्या मिलमध्ये ती अशीच मशीनमध्ये हात घालून सफाई करत होती. आत कुणी नसेल असं समजून कुणीतरी बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आमच्याकडे ती तो हात कायम पदराखाली ठेवायची.

शेठनी मला बजावलं होतं, "आखाजीनंतर ती खड्ड्यात उतरली तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बघ." अक्काचं घर तिच्या पगारावर चालायचं. मी परत कुलूप घेऊन तिच्याकडे गेलो, समजावून सांगितलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "साहेब, तुम्हीच दिलं, तुम्हीच तोडाल. गाडी भरायची घाई झाली म्हंजे कुलपाले कोन विचारतं?" मला असला राग आला की विचारू नका. ती खरं बोलत होती म्हणून जास्त आला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिच्यापुढे दिवाळी फिकी. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, घरोघरी आमरस आणि खापराचे मांडे. आदल्या दिवशी माणसाचं शरीर तेवढं मिलमध्ये असतं. अशाच त्या दिवशी सकाळी एलिव्हेटरची बादली सैल झाली. आबांनी रीतसर स्विच बंद केला, कुलूप लावलं, बादली आवळली, हातपाय धुतले आणि थेट बस गाठली. त्यांच्या तिन्ही पोरी सुरतेहून आल्या होत्या. बाराच्या सुमारास मशीन चालू करायला गेलो, तर स्विचवर आबांचं कुलूप, आणि चावी आबांच्या कमरेला, एरंडोलकडे निघालेली. फोन लावला तर तो तिथेच खुंटीवरच्या पिशवीत वाजायला लागला.

फाटकात ट्रक उभा होता. सणाआधी माल निघालाच पाहिजे, असा शेठचा हुकूम. ते स्वतः आले, कुलूप बघितलं आणि म्हणाले, "काप." फिटर करवत घेऊन आला. खरं सांगतो, कापलं असतं तरी मी चुकलो नसतो. माणूस आत नाही याची खात्री करून मॅनेजरनं कुलूप कापावं, ही सोय मीच नियमात लिहून ठेवलेली. वॉचमननं आबांना बसमध्ये चढताना बघितलं होतं. मी करवतीसाठी हात पुढे केला आणि सहज मागे पाहिलं.

अक्का झाडू धरून उभी होती. तिच्या तोंडावर ना राग, ना नवल. पुढे काय होणार ते तिला ठाऊकच होतं आणि ती फक्त ते उरकण्याची वाट बघत होती. त्या नजरेनं मला जे झालं ते कुठल्या शिवीनं झालं नसतं. कुलूप कापलं की खात्रीबित्री केलेली कुणाच्या लक्षात राहणार नव्हती. घाई होती आणि साहेबानं कापलं, एवढंच उरणार होतं. अक्का त्या खड्ड्यात कधी उतरणार नव्हती आणि आठवड्याभरात तिला मीच घरी पाठवणार होतो.

"आबांना घेऊन येतो," मी म्हणालो. "मॅनेजर आहेस की कुलूपवाला?" शेठ कडाडले. "आज कुलूपवाला," असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग मात्र तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. मोटारसायकल काढली, उपरणं गुंडाळलं, आणि सगळे बघत होते म्हणून त्यावर हेल्मेटही चढवलं. वैशाखातलं जळगावचं ऊन, बाप्पा. एरंडोलपर्यंत डोकं पुरतं शिजलं.

आबा घरासमोरच्या निंबाखाली झोक्यावर बसले होते. मिलमध्ये सगळ्यांना दमात घेणारा माणूस, मांडीवर नात घेऊन झोके घेत होता. मला बघून झोका पायानं थांबवला. "इतलं ऊन शे, आन तू कुलूपसाठे उना? तोडी टाकतास ना." आणि लगेच करदोडा चाचपायला लागले, चावी घेऊन जा म्हणून.

मी म्हणालो, "चावी नको आबा, तुम्ही चला. तुमचं कुलूप, तुमचाच हात."

पोरी माहेरी आलेल्या, आबा चिडले. "मन्या पोरी उन्यात, आन तू माले कामवर लई चालना?" पोरीही माझ्याकडे अशा बघायला लागल्या की रस सोडा, पाणीसुद्धा मिळेल की नाही शंका वाटली. मग मी अक्काचं सांगितलं. करवत हातात घेणार होतो तेही सांगितलं, लाज वाटली तरी. आबांनी नातीला खाली उतरवलं. "ती बाई बठ्ठं देखस," म्हणजे सगळं बघते, एवढं बोलले आणि टोपी घालून माझ्या मागे येऊन बसले.

मिलमध्ये सगळे तसेच उभे होते. आबांनी स्विचसमोर जाऊन सदरा वर केला, धोतराचा सोगा सैल केला आणि करदोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ काही लवकर सुटेना. बायकांनी तोंडाला पदर लावून माना फिरवल्या, फिटर तर हसून खालीच बसला. शेवटी चावी निघाली, कुलूप उघडलं, एलिव्हेटर घरघरला. शेठनी आबांसाठी उसाचा रस मागवला, माझ्यासाठी नाही. संध्याकाळी ट्रक निघाला आणि आबांना मी त्यांच्या पोरींच्या पंगतीला नेऊन सोडलं. तिथे मलाही बसवलं आणि मी पाच वाट्या आमरस प्यायलो.

आखाजी झाली. मिल उघडल्यावर अक्का माझ्या टेबलाशी आली. "ते कुलूप द्या मले."

तिनं ते स्विचला लावलं, दोनदा ओढून बघितलं, चावी पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचली. "दाबा साहेब बटन." मी दाबलं. काही झालं नाही. तिचं समाधान झालं नाही. "आता शेठले दाबू द्या." तिथेच उभे असलेले शेठ माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीवरच्या जावईबापूकडे. मग ते पुढे आले आणि त्यांनी बटण दाबलं. जोर लावून, दोनदा. मशीन ढिम्म हललं नाही.

अक्कानं पदर खोचला आणि शिडीवरून ती खड्ड्यात उतरली. शेठ ऑफिसात गेले. मी मात्र स्विचपाशी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, कुलूप होतंच. तरी ती वर येईपर्यंत माझा पाय तिथून हलला नाही.